काऊने नेलेला पेला

नीतिशास्त्रावरचे मोठमोठे ग्रंथ चाळले, तर त्यांत राजे, न्यायाधीश, सेनापती आणि बुडत्या नावेतले प्रवासी यांच्या धर्मसंकटांना काही तोटा नाही. कोणाचा जीव वाचवावा, कोणाचा सोडावा, दारात आलेल्या खुन्याशी खरे बोलावे की खोटे, असल्या प्रश्नांवर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. वस्तुतः बुडत्या नावेत बसण्याची पाळी तुमच्याआमच्यापैकी फारच थोड्यांवर येते. परंतु रात्री साडेनऊच्या सुमारास, दिवा मालवण्याच्या वेळी, दोन वर्षांच्या मुलाच्या मुठीतला दुधाचा पेला कसा सोडवावा, हा पेच मात्र असंख्य घरांत पडतो. आणि त्याच्याकडे पंडितांनी क्वचितच वळून पाहिले आहे. घरातला प्रश्न घरातच मिटावा, असे त्यांना वाटत असावे. पण घरातले प्रश्न मिटतात ते बहुधा एखाद्या लहानशा खोट्यावर, आणि ते खोटे इतके सवयीचे असते की ते खोटे आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

पेला म्हणजे येथे फुलपात्र नव्हे. हल्ली घरोघर ज्याला ‘सिपर’ म्हणतात, ते झाकणाचे, दोन्ही बाजूंना कान असलेले आणि वर तोटी असलेले प्लास्टिकचे भांडे. आपल्या आज्या-पणज्यांना ही कल्पना अगदीच नवी वाटली नसती. त्यांच्याकडे बोंडले होते. चोच काढलेल्या त्या लहानशा भांड्याने कित्येक पिढ्यांना दूध पाजले. मात्र बोंडल्याला एक माणूस लागे. मूल मांडीवर घ्यावे लागे, एका हाताने मान सावरावी लागे आणि दुसऱ्या हाताने धार बेताची ठेवावी लागे. नाहीतर ठसका ठरलेला. १९८०च्या दशकात अमेरिकेतील रिचर्ड बेलँजर नावाच्या एका यंत्रअभियंत्याने आपल्या मुलाच्या सांडलवंडीला कंटाळून न सांडणाऱ्या पेल्याची एक रचना तयार केली. झाकणात एक झडप असते. चोखल्यावाचून थेंबही बाहेर येत नाही. पेला आडवा होवो, उलटा होवो, गादीवर पडो, चादर कोरडीच राहते. मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण ही सोय कोणाची झाली, हेही पाहायला हवे. सांडलेल्या दुधाचे दुःख मुलाला कधीच नव्हते. ते सतरंजीच्या मालकाला होते. बोंडल्यात आणि सिपरमध्ये खरा फरक चोचीचा किंवा प्लास्टिकचा नाही. बोंडल्याला लागणारा माणूस सिपरने वजा केला, हा तो फरक आहे. मूल आता एकटे, अंधारात, आडवे पडून दूध पिऊ शकते. आणि पिता पिता झोपू शकते.

आणि नेमके हेच दंतवैद्याला नको असते. दिवसभर तोंडातली लाळ दात धूत असते. झोपेत ती बरीच कमी होते. अशा वेळी दुधातली साखर, आणि पुष्कळ घरांत वरून घातलेली चमचाभर साखर, दातांभोवती तशीच रेंगाळते. तोंडातले जंतू तिचे आम्ल करतात आणि सामू सुमारे ५.५च्या खाली उतरला की दातावरचे कठीण कवच विरघळू लागते. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाला असतात, म्हणून पहिला घाला वरच्या पुढच्या दातांवर पडतो. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो, मग तो पिवळा-तपकिरी होतो. ‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत,’ असे म्हणणारे एक वडीलधारे माणूस प्रत्येक घरात असते. पण हे २० दात काही एका दिवसात पडत नाहीत. त्यांतल्या दाढांना तर दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत चाकरी करायची असते, आणि दुखणारा दात दुधाचा आहे म्हणून कमी दुखत नाही. बाटली १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान सुटावी, असा अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला आहे. झडपेचा पेला चोखावाच लागत असल्यामुळे तोही बाटलीचाच धाकटा भाऊ. शिवाय रात्री पोटभर दूध प्यालेले मूल सकाळी भाकरीच्या तुकड्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि दुधात लोह फार थोडे असते, हे निराळेच.

तेव्हा पेला सुटला पाहिजे, याविषयी वाद नाही. वाद सुरू होतो तो यानंतर. कारण ज्याच्या हातून तो सोडवायचा, त्याला सामू कळत नाही, लोह कळत नाही, ‘पुढे दात किडतील’ यातला ‘पुढे’ तर मुळीच कळत नाही. त्याला एवढेच कळते की दिवसातली सर्वांत कठीण वेळ, म्हणजे जागेपणातून झोपेत उतरण्याची वेळ, ज्या वस्तूला धरून तो पार करतो, ती वस्तू आज नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. माणसाच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यावर सक्ती करण्याचा अधिकार समाजाला नाही, असे त्यात त्याने ठासून सांगितले; आणि लगेच हेही सांगितले की हा नियम वयात आलेल्यांपुरता आहे, लहान मुलांना लागू नाही. मिलचा हा अपवाद आईबापांना फार सोयीचा वाटतो. मुलाची संमती लागत नाही, एवढे वाचून आपण पुस्तक मिटतो. पण संमती लागत नाही याचा अर्थ काहीच लागत नाही, असा होत नाही. उलट ज्याची संमती घेता येत नाही, त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी वाढते. मोठ्या माणसाशी आपण वाईट वागलो तर तो भांडेल, पत्र लिहील, निदान चार लोकांत बोभाटा तरी करील. दोन वर्षांच्या मुलाला रडण्यापलीकडे दुसरे न्यायालय नाही. आणि त्या न्यायालयाचे न्यायाधीशही आपणच!

आता घरोघर पेला सुटतो कसा, ते पाहा. सर्वांत लोकप्रिय मार्ग म्हणजे काऊ. ‘काऊनं नेला हो पेला! भुर्रर्र गेला!’ काही घरांत काऊऐवजी माऊ असते, काही घरांत भूभू. पेला माळ्यावर पोहोचलेला असतो आणि आई, बाबा, आजी, आजोबा सर्व जण खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बोट दाखवत असतात. मौज अशी की दुपारी जेवताना ज्याच्या नावाने घास भरवला, तोच काऊ रात्री चोर ठरतो. मूलही बिचारे खिडकीशी जाऊन काऊला हाका मारते. हे पाहून घरातल्यांना हसू येते आणि थोडे कौतुकही वाटते. त्यात दुष्टपणा मुळीच नाही. पण त्या खिडकीशी क्षणभर उभे राहून विचार केला, तर हसू थोडे ओसरते. ते मूल अत्यंत प्रामाणिकपणे, पूर्ण विश्वासाने, एका खोट्या पत्त्यावर तक्रार करीत आहे. जो तक्रार ऐकू शकला असता, तो त्याच्या पाठीशीच उभा आहे.

दुसरा मार्ग जुना आहे. अंगावरचे दूध तोडताना कोरफडीचा किंवा कडुलिंबाचा रस लावीत. मूल तोंड लावी, तोंड वाकडे करी आणि दोन-चार दिवसांत आपणहून दूर होई. हीच रीत हल्ली पेल्याच्या तोटीलाही लाभते. यात मौज अशी की दूरदेशीच्या एका तत्त्वज्ञालाही अशाच रीतीने विचारात टाकले होते. डेन्मार्कच्या किर्केगार्दचे ‘भय आणि कंप’ हे पुस्तक १८४३ साली टोपणनावाने प्रसिद्ध झाले. अब्राहामाला आपला मुलगा इसहाक देवाला बळी देण्याची आज्ञा झाली, त्या कथेवरचे ते चिंतन. आरंभी किर्केगार्द ती कथा चार निरनिराळ्या प्रकारांनी सांगून पाहतो. आणि प्रत्येक प्रकाराच्या शेवटी, जणू विषय सोडून, दूध तोडणाऱ्या आईविषयी दोन-चार ओळी लिहितो. पहिल्या चित्रातली आई आपला स्तन काळा करते. मुलाला तो नकोसा व्हावा म्हणून. पण तिची नजर पूर्वीसारखीच मायेची असते. स्तन बदलला, आई बदलली नाही, असे मुलाला वाटावे, हा त्यातला हेतू. एवढ्या भयंकर कथेशेजारी एवढी घरगुती गोष्ट त्याने का ठेवली असावी? मला वाटते, प्रेमाने जवळ ठेवलेल्यापासून प्रेमानेच काही तोडावे लागते, तेव्हा प्रेमाचा चेहरा कसा ठेवावा, हा दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे.

कोरफड आणि काऊ यांत मात्र अंतर आहे. कोरफड लावणारी आई तेथेच असते. मूल तोंड वाकडे करून रडते, तेही तिच्याच मांडीवर. काऊ आला की आई त्या प्रसंगातून निघून जाते. म्हणजे सिपरने देण्यातून माणूस वजा केला होता. काऊने घेण्यातूनही तो वजा केला. दूध दिले ते प्लास्टिकने, नेले ते पाखराने, आणि आईबाप दोन्ही वेळा नामानिराळे!

कोणी म्हणेल, ‘एवढ्याशा खोट्याचा केवढा हा गाजावाजा! मूल आठ दिवसांत विसरते.’ विसरते हे खरे. खोटे कधीतरी उघडे पडेल म्हणून ते वाईट, असा युक्तिवाद मी करणार नाही. कारण हे खोटे बहुधा उघडे पडतच नाही. आपण रागीट शेजाऱ्याशी खोटे बोलताना अडखळतो, वरिष्ठांशी बोलताना चारदा विचार करतो. कारण ते पकडतील. जो कधीच पकडणार नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यातच आपली सचोटी दिसते. दारातल्या खुन्याशीसुद्धा खोटे बोलू नये, असा टोकाचा आग्रह कांटने १७९७ साली धरला होता. तो आग्रह फार थोड्यांना पटेल, मलाही पटत नाही. पण खुन्याच्या वाट्याला जेवढे सत्य आले, तेवढेही आपल्या पांघरुणातल्या दोन वर्षांच्या जीवाच्या वाट्याला येऊ नये, याला काय म्हणावे? आणि त्याला शब्द बोलता येत नसले तरी कळतात पुष्कळ. ‘आता पेला नाही. रात्री दुधाने दाताला बाऊ होतो. मी इथेच आहे,’ एवढी तीन वाक्ये त्याच्या मापाची आहेत. ती त्याला पटणार नाहीत, हे उघड आहे. पण खरे बोलण्याचे कर्तव्य ऐकणाऱ्याला पटण्यावर अवलंबून नसते.

मग रोज दुधात थोडे थोडे पाणी वाढवत नेण्याची युक्ती खोटी म्हणायची काय? हा प्रश्न जरा नाजूक आहे. पहिल्या रात्री पाव भाग पाणी, मग अर्धे, मग पाऊण, आणि शेवटी नुसते पाणी. येथे काहीतरी लपवले जाते, हे खरे. पण खोटे काही सांगितलेले नसते. मुलाची जीभ त्याच्याजवळच आहे. बदल त्याला कळतो, तो तोंड फिरवतो, कुरकुरतो, आणि त्या कुरकुरीला उत्तर द्यायला आई हजर असते. दिवस कलताना उजेड हळूहळू कमी होतो, म्हणून सूर्याने आपल्याला फसवले असे आपण म्हणत नाही. मात्र मुलाने विचारले, ‘हे काय?’ तर ‘दूधच आहे रे राजा,’ असे म्हणू नये. ‘पाणी घातलंय,’ असे म्हणावे. युक्ती आणि फसवणूक यांमधली भिंत एवढ्या एका उत्तराची असते.

याच युक्तीतून दुसरीही एक गोष्ट ध्यानात येते. अपाय आहे तो रात्रभर दातांशी साचणाऱ्या दुधाचा. हातात काहीतरी धरून झोपण्याचा नव्हे. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने आणि मनोविश्लेषकाने १९५१ साली एक निबंध वाचला. मुलाला एखादी चिंधी, दुलईचा कोपरा किंवा मऊ खेळणे इतके प्रिय का असते, याचा त्याने त्यात विचार केला. ती वस्तू मुलाच्या दृष्टीने धड स्वतःचा भाग नसते, धड बाहेरच्या जगातलीही नसते. आई आणि जग यांच्यामधल्या ओढ्यावर टाकलेल्या फळीसारखी ती असते. तिचा शेवटही विनिकॉटने पाहिला होता. ती सहसा हिसकावून घ्यावी लागत नाही; तिचा अर्थ हळूहळू विरून जातो, आणि मूल तिचा शोक करीत बसत नाही. पेल्याच्या बाबतीत दंतवैद्याला एवढा धीर धरता येत नाही, हे कबूल. पण दूध घेणे भाग आहे म्हणून फळीही ओढून घेतलीच पाहिजे असे नाही. जेवणानंतर, दिवा असताना, बसून, उघड्या पेल्यातून दूध, मग दात घासणे, मग गोष्ट, मग झोप, आणि उशाशी हवी तर आजीच्या मऊ लुगड्याची घडी. जेवढ्याला कारण आहे, तेवढेच काढून घ्यावे. त्यापेक्षा रतिभरही जास्त घेऊ नये. सत्ता गाजवणाऱ्या प्रत्येकाने, मग तो बाप असो की सरकार, हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

एवढे करूनही मूल रडेलच. येथे पुष्कळांचा धीर सुटतो. रडणे म्हणजे आपला पराभव, असे एकाला वाटते आणि तो अकरा वाजता पेला भरून आणतो. रडणे म्हणजे मुलाचा हट्ट, असे दुसऱ्याला वाटते आणि तो दार ओढून घेतो. पहिला मुलाच्या रडण्याला हुकूम मानतो, दुसरा गुन्हा. रडणे या दोन्हींपैकी काहीच नाही. काहीतरी प्रिय गेले, याची ती खरीखुरी नोंद आहे. ज्याचे गेले त्याला रडण्याचा हक्क आहे, आणि ज्याने नेले त्याच्यावर ते ऐकण्याचे बंधन आहे.

नरकचतुर्दशीची पहाट आठवून पाहा. काळोखात मुलाला गोधडीतून उचलतात. थंडीत उघडे करून तेल चोपडतात, उटणे घासतात, डोळ्यांत शिकेकाई जाते आणि घर डोक्यावर घेतले जाते. म्हटले तर केवढा हा जुलूम! पण त्या मुलाला मोठेपणी ही पहाट जुलूम म्हणून आठवत नाही. का? कारण त्याचे सुख हिरावणारे हात त्याच्या अंगावरच होते. तेल लावणारी तीच, ओरडा ऐकणारी तीच, पंचात गुंडाळून छातीशी धरणारीही तीच. शिवाय त्यानंतर कोणीतरी ओवाळते, हातावर करंजी ठेवते. दुःख तेच राहते. पण ते एकट्याने सोसायचे नसते. आपल्या सोळा संस्कारांत अन्नप्राशन आहे, चौल आहे, कर्णवेध आहे. दूध सुटण्याचा मात्र संस्कार नाही. बायबलात इसहाकाचे दूध तुटले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली, असे सांगितले आहे. आपणही असा एखादा सण करावा, असे मी सुचवत नाही. हौशी लोक त्याला लगेच कार्यालय बघतील! पण तोडण्यालाही माणसांची सोबत हवी, एवढे त्या मेजवानीतून घेण्यासारखे आहे.

आणि पेला काढून घेणाऱ्यांचे स्वतःचे काय? सकाळच्या चहावाचून ज्यांना घर परके वाटते, जेवणानंतर ज्यांची बोटे सुपारीच्या डबीकडे वळतात, आणि ज्यांना हातात मोबाईल असल्यावाचून डोळा लागत नाही, तेच आपण मुलाला सांगतो, ‘तू आता मोठा झालास.’ मोठे होणे म्हणजे तोट्या सुटणे नव्हे, नुसत्या बदलणे, असे मुलाला कळले तर ते आपल्याला माफ करील काय? यामुळे आपला अधिकार जात नाही. दम्याचा रोगी डॉक्टर असला म्हणून त्याचे औषध खोटे ठरत नाही. पण अधिकारातला ताठा मात्र जायला हवा. एखाद्या रात्री आपणही मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून मुलाशेजारी अंधारात पडावे. तो आपल्या पेल्यावाचून आणि आपण आपल्या पेल्यावाचून. छत किती लांबलचक असते, हे तेव्हा कळते.

किर्केगार्दच्या चार चित्रांतले शेवटचे चित्र फार साधे आहे. त्यातल्या आईजवळ, दूध तोडण्याच्या वेळी, अधिक कसदार अन्न तयार असते. आणि ज्याच्याजवळ ते असते तो भाग्यवान. दोन वर्षांच्या मुलासाठी रात्री साडेनऊ वाजता दुधाहून कसदार असे काय असू शकते? भाकरी नव्हे, खेळणे नव्हे, बक्षीसही नव्हे. दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसाचा अर्धा तास. बोंडल्याबरोबर जो माणूस घरात होता आणि सिपरने ज्याला सुट्टी दिली होती, त्याने पुन्हा कामावर रुजू व्हायचे, एवढेच. तो अर्धा तास फार महाग असतो. त्या वेळी भांडी पडलेली असतात, उद्याचा डबा डोक्यात असतो, आणि काऊ अगदी फुकट मिळतो. म्हणूनच तर आपण काऊला बोलावतो. पण दिलेले आपल्या हाताने दिले आणि घेतलेलेही आपल्याच हाताने घेतले, एवढे तरी आपल्याला म्हणता यावे. मग मुलाने त्या रात्री आपल्याकडे पाठ फिरवून झोपले तरी चालेल. झोपेत ते कूस बदलतेच.